दोन वाजता झोपणारं शेवाळ

अकोल्यात राहून मी शेवाळावर प्रबंध लिहिणार हे कळल्यावर आमच्या गल्लीत कोणीही हसलं नाही, याचं मला आज या वयातही नवल वाटतं. हसायला हवं होतं. एप्रिलात जिथं रस्त्याचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं, नळाचं पाणी हात पोळतं आणि माणसं तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून फक्त डोळ्यांपुरती उरतात, त्या गावात मी ओलाव्यावर जगणाऱ्या, मुळं नसलेल्या, नखाएवढ्या उंचीच्या झाडामागे लागले होते. पण आमची वस्ती बौद्धांची, आणि शिक्षणाचा आदर तिथं इतका मोठा की पोरगी एम.एस्सी. करते म्हटल्यावर ती नेमकं काय करते हे विचारणं लोकांना उद्धटपणाचं वाटे. मी भुताखेतांवर प्रबंध लिहिते म्हटलं असतं तरी शेजारच्या कमलाकाकूंनी मान डोलावून मला ताक दिलं असतं.

घर दोन खोल्यांचं. त्यात मी, माय आणि बाबा, आणि उन्हाळ्याचे चार महिने चौथा माणूस म्हणजे कूलर. आमचा कूलर पत्र्याचा होता, मागच्या खिडकीत बसवलेला, आणि तो सुरू झाला की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. त्यामुळे आमच्या घरात उन्हाळ्यात प्रेमाचं बोलणंसुद्धा भांडणासारखं ऐकू येई. बाबा कालव्यावर मोजणीदार होते. पहाटे सायकलनं जाऊन पट्टीवर पाणी किती चढलं ते वाचायचं, वहीत लिहायचं, संध्याकाळी पुन्हा जायचं. मधली सगळी दुपार ते घरी असत. पट्टीवर पाणी जिथं असेल तिथलाच आकडा लिहायचा, हा त्यांचा धर्म. एकदा चिखलात घसरून त्यांना पट्टीपर्यंत पोचता आलं नाही, तर त्यांनी वहीत सरळ लिहिलं, ‘वाचन घेतले नाही’, आणि त्याबद्दल ठपका घेतला. अंदाजानं आकडा टाकला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं, असं माय म्हणाली. बाबा म्हणाले, “पान्याले कयलं असतं.” आणि ते हे अगदी गंभीरपणे म्हणाले.

विषय मला बोंडे सरांनी दिला. बोंडे सर म्हणजे आमचे मार्गदर्शक. उंच, पातळ, आणि कुठल्याही गोष्टीत शोध लागण्याची शक्यता दिसली की खुर्चीच्या टोकावर येऊन बसणारे. बदलत्या उजेडात शेवाळ आपलं अन्न कसं तयार करतं, हे पाहायचं होतं. वर्गातली मुलं परतवाड्याहून जीपनं मेळघाटात जाऊन पिशव्या भरभरून शेवाळ घेऊन आली. मलाही जायचं होतं. माय भाकर थापत होती, तिनं वरसुद्धा पाहिलं नाही.

“जंगलात कायले जाते? घरची काई का कमी पडली तुले?” असं म्हणून तिनं पिठाच्या हातानं मागच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

तिचं म्हणणं खरं होतं. कूलरचं पाणी खिडकीखालच्या भिंतीवर थेंब थेंब झिरपे, आणि तिथं हातभर रुंदीचा एक हिरवागार पट्टा धरलेला होता. पाण्यावर तरंगतं ते शेवाळ आणि भिंतीला धरतं तेही शेवाळ, असं आपण म्हणतो. दोघांचं नातं तसं फार लांबचं. भिंतीवरचं ते खरोखरीचं झाड असतं, त्याला देठ असतो, पानं असतात, फक्त सगळं इतकं बारीक की भिंग लावल्याशिवाय त्याला कोणी झाड म्हणत नाही. माय दोघांनाही काई म्हणायची, आणि काई म्हणजे घासून काढायची वस्तू. भिंगातून ती पानं मी तिला दाखवली तेव्हा तिनं एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “एवढी नक्षी करून अन् बसली कोठी, तं कूलरच्या खाली.”

तिथला उजेड बदलता होता याचं श्रेयही मायचंच. त्या भिंतीसमोर आमची कपडे वाळत घालायची तार होती. कडुनिंबातून येणारं ऊन, त्यात वाऱ्यावर हलणारे कपडे, त्यामुळे शेवाळावर ऊन-सावली अशी पळत राहायची की मेळघाटातल्या जंगलानंही हात टेकावेत. शेवाळाचं पान बहुतेक एकाच पेशीच्या जाडीचं असतं. मोठ्या झाडांच्या पानांना उघडझाप करणारी छिद्रं असतात, ती उघडायला वेळ लागतो. शेवाळाच्या पानाला ती भानगडच नाही. ऊन आलं की काम सुरू, सावली आली की बंद. पण एकदम डोळे दिपवणारं ऊन पडलं तर ते काय करतं, आणि अशी सावली-ऊन दिवसभर चालली तर शेवटी त्याच्या पोटात किती जातं, हा माझा प्रश्न. तो सोडवायचा तर उजेडाची नोंद हवी. कॉलेजात उजेड मोजायचं यंत्र नव्हतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका फोटोग्राफरकडून मी त्याचा मीटर मागून आणला, तो लग्नाची तिथी आली की परत न्यायला येई. आणि कपड्यांची वही ठेवली. ती वही अजून माझ्याजवळ आहे. ‘नऊ वीस, मायचं हिरवं पातळ, दाट सावली. नऊ पंचवीस, वारा, ऊन. नऊ सव्वीस, पुन्हा पातळ. नऊ चाळीस, बाबांचं धोतर, अर्धा उजेड.’ प्रयोगात सारखेपणा हवा म्हणून माय दोन महिने तेच कपडे त्याच क्रमानं त्याच वेळी वाळत घालत होती. घरात मुक्कामाला आलेला पाहुणा अंघोळ करून आपला टॉवेल तारेवर टाकायला गेला तर ती पळत जाऊन त्याच्या हातून काढून घेई.

भिंतीवरून अलगद सोडवलेलं शेवाळ मी काचेच्या नळ्यांत ठेवलं. नळ्या सात. प्रत्येक नळीच्या तळाशी एक औषधी पाणी, वर जाळीच्या कापडावर शेवाळ, आणि तोंडाला घट्ट बूच. तापू नयेत म्हणून सगळ्या नळ्या मायच्या कणकेच्या परातीत, माठाच्या पाण्यात उभ्या. ती परात गेल्यानं माय कणीक पातेल्यात मळू लागली आणि दर पोळीला माझ्या पदवीचा उद्धार करू लागली. त्या औषधी पाण्याची गंमत अशी की ते आतल्या हवेप्रमाणे रंग बदलतं. सुरुवातीला लाल. शेवाळानं उजेडात हवेतला कर्बवायू ओढून घेतला की ते जांभळं होत जातं. उलट कर्बवायू वाढला तर पिवळं. पाच नळ्यांत शेवाळ उजेडात, सहाव्या नळीत शेवाळ पण वर काळं फडकं गुंडाळलेलं, आणि सातवी रिकामी, नुसतं लाल पाणी, तुलनेसाठी. आत काही नसेल तर रंग बदलू नये, हे दाखवायला.

सगळं नीट चाललं होतं, आणि चौदा एप्रिलची जयंती आली. जयंतीच्या आधी आमच्या वस्तीत प्रत्येक घर रंगायचंच. खाली निळा पट्टा, वर पांढरा. माय भिंत खरवडायची पत्र्याची पट्टी घेऊन कूलरमागे उभी राहिली. मी तिच्या आणि भिंतीच्या मध्ये उभी राहिले. दोन दिवस घरात बोलणं बंद होतं, जे कूलरच्या आवाजात कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही. शेवटी बाबांनी तोड काढली. सगळी भिंत रंगवली, आणि हातभर हिरवा पट्टा तेवढा मोकळा सोडून त्याच्या चारी बाजूंनी बाबांनी स्वतः निळ्या रंगाची चौकट काढली. जयंतीच्या दिवशी घरोघरी खीर द्यायला आलेले लोक मागे जाऊन ती चौकट पाहून यायचे. एका म्हाताऱ्या बाईंनी तिला हात जोडले. मी त्यांना थांबवलं नाही, कारण तोवर मी स्वतःही थोडीफार त्याच वाटेला लागले होते.

आणि मग दोन वाजताची गोष्ट सुरू झाली. रोज सकाळी नव्यानं भरलेलं लाल पाणी अकरापर्यंत गुलाबी-जांभळं होई, एकला चांगलं गडद जांभळं. एकचं वाचन घेऊन मी जेवायची, आणि नंतर अकोल्यातला प्रत्येक शहाणा माणूस जे करतो ते करायची, कूलरसमोर आडवी व्हायची. तीनला उठून पाहावं तर पाचही नळ्यांतलं पाणी परत लाल, कधी नारिंगी, एखादे दिवशी चक्क पिवळसर. रोज. उजेड तोच, कपडे तेच, नळ्यांची बुचं जशीच्या तशी. रिकाम्या नळीतला लाल रंग हललेला नाही. काळ्या फडक्यातली नळी सकाळपासून पिवळी होत जाणारी, तशीच पिवळी. म्हणजे पाण्यात खोट नव्हती. शेवाळच दुपारी काम थांबवून उलटा कर्बवायू सोडत होतं, आणि तेही भर उन्हात.

बोंडे सर खुर्चीच्या टोकावरून जवळजवळ खाली आले. दुपारच्या कडक उन्हात झाडं थोडी मंदावतात हे पुस्तकात होतं. पण इतकी पक्की, घड्याळासारखी नेमकी विश्रांती कोणी पाहिलेली नव्हती. सरांनी तिला ‘मध्यान्हविराम’ असं नाव दिलं आणि प्रबंधाचं शीर्षक बदललं. गल्लीला मात्र यात नवल वाटलं नाही. कमलाकाकू म्हणाल्या, “झोपन नाही तं काय करन थे? दोन वाजता अकोल्यात कुत्रंबी जागं नसते.” पण अभिमान वाटला. आपल्या गल्लीतलं शेवाळ दुपारी झोपतं आणि त्यावर पुस्तक होऊन राहिलं, हे कळल्यावर दोन वाजता रेडिओ बारीक होऊ लागले. कुल्फीवाल्याला कोपऱ्यावरच घंटी बंद करायला सांगण्यात आलं. तो बिचारा हातगाडी ढकलत आमच्या घरावरून चोरपावलांनी जाई, आणि त्याची कुल्फी त्या उन्हाळ्यात कोणाला विकत घेताच आली नाही.

हे लिहिताना मी अमरावतीच्या माझ्या फ्लॅटमध्ये बसले आहे. एसीच्या नळीखाली, गॅलरीच्या कोपऱ्यात, थोडं शेवाळ धरलं आहे. सोसायटीचा माणूस दर महिन्याला ब्लीचिंग पावडर घेऊन येतो आणि मी दर महिन्याला त्याला चहा पाजून परत पाठवते. आता या विषयातलं पुष्कळ कळलेलं आहे. उजेड एकदम वाढला की पानात शक्तीचा लोंढा येतो, त्यानं पेशीचं नुकसान होऊ शकतं. शेवाळात एक फार जुनी सोय आहे, ती तो जादाचा लोंढा दुसऱ्या वाटेनं काढून देते, आणि त्यातून नुसतं पाणी तयार होतं. फुलं येणाऱ्या झाडांनी ती सोय वाटेत कुठंतरी गमावली, शेवाळानं जपली. धरणाला सांडवा असतो, तसंच. हे वाचलं तेव्हा बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना एका वाक्यात समजलं असतं, आणि त्यांनी लगेच विचारलं असतं की सांडव्यावरची पट्टी कोण वाचतो. मला ते त्यांना सांगता आलं नाही याची हळहळ वाटते.

प्रबंध टाइप झाला, लाल कापडी बांधणी झाली. तोंडी परीक्षेला अमरावतीहून गावंडे मॅडम येणार होत्या. जूनपासून अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवायची जागा मला मिळणार होती, अट एकच, मे महिन्यात पदवी हातात हवी. माय त्या जागेविषयी नळावर, दुकानात, दवाखान्यात, जिथं रांग असेल तिथं बोलून चुकली होती. आमच्या घराण्यात पगाराच्या नोकरीपर्यंत पोचलेले बाबा पहिले, आणि पोरीत मी पहिली. मॅडमनी प्रबंध वाचला होता. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, आवाज अगदी हळू. कॉलेजात अर्धा तास प्रश्न विचारून त्या म्हणाल्या, “बाकी ठीक आहे. पण हे दोन वाजताचं मला डोळ्यांनी पाहायचंय.”

मग आम्ही सगळे घरी आलो. मायनं आमरस आणि कुरड्या केल्या होत्या. मॅडम, सर, मी, आणि मागच्या अंगणात दारापाशी कमलाकाकूंसह अर्धी गल्ली, सगळी शेवाळाला जाग येऊ नये म्हणून कुजबुजत बोलणारी. तारेवर मायचं हिरवं पातळ आणि बाबांचं धोतर ठरलेल्या जागी. बाबा इस्त्रीचा सदरा घालून भिंतीला टेकून उभे. एक वाजता नळ्या गडद जांभळ्या. दोन वाजले. जांभळ्या. सव्वादोन झाले. जांभळ्याच, उलट आणखी गडद. सरांनी रुमालानं मान पुसली. मॅडम स्टुलावर बसून नळ्यांकडे पाहत होत्या. अडीच वाजले.  कमलाकाकू कोणाला तरी म्हणाल्या, “पाहुने पाहून लाजून राहिलं असन.”

माझा चेहरा पाहून बाबा पुढं आले आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाले, “नंदे, कायजी नको करू. आज पाहुने हायेत म्हणून मी उघडलं नाही. उघडू का?”

कूलर बंद होता. पाहुणे आले म्हणून मायनं मोठ्या कौतुकानं तो बंद केला होता, बोलणं नीट ऐकू यावं म्हणून. बाबांचं कुजबुजणं सगळ्या अंगणाला ऐकू गेलं.

“काय उघडलं नाही?” मॅडमनी विचारलं.

“बूच,” बाबा म्हणाले. “रोज उघडतो न मी. पाच मिनटं. थोडी फुंकर घालतो, मंग लावून देतो. जसं होतं तसंच लावतो.”

 मला एका क्षणात सगळं समजलं. फुंकर म्हणजे कर्बवायू. पाच नळ्या, पाच फुंकरा. महिनाभर मी ज्याला शेवाळाची झोप म्हणत होते, तो माझ्या बापाचा श्वास होता. मी कूलरसमोर घोरत असताना तो माणूस परातीजवळ उकिडवा बसून एकेका नळीत हळूच फुंकत होता. आणि लाल बांधणीच्या ग्रंथात आम्ही ज्याला मध्यान्हविराम म्हणत होतो, तो पान अकरापासून पान साठपर्यंत हा श्वासच होता.

पहिले भानावर आले ते सर. वाईट माणूस नव्हते ते, पण त्यांचाही शोध बुडत होता. “मॅडम, वडिलांचं वय झालंय,” ते म्हणाले. “एखाद्या दिवशी चुकून उघडलं असेल. रोज म्हणजे बोलण्याच्या ओघात. काय हो, असंच ना?” आणि मग ते माझ्याकडे वळले. “सुनंदा, तू सांग. एखादाच दिवस असेल ना?”

बाबांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय झालं ते त्यांना नीट कळलं नव्हतं, पण पोरीची जागा जाते आहे एवढं कळलं. त्यांनी मान खाली घातली. “हो,” ते म्हणाले. “एकडाव उघडलं असन. मले याद नाही.”

मी तोवर बाबांना खोटं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ते येतही नव्हतं. कान लाल झाले, हात धोतराला पुसत राहिले. चिखलातून पट्टीपर्यंत पोचता आलं नाही तर ठपका घेणारा माणूस माझ्यासाठी आकडा खोटा सांगत होता, आणि मी फक्त गप्प राहायचं होतं. जूनची जागा डोळ्यांपुढे होती. माय पदराचं टोक दातात धरून उभी होती. मला राग आला, बाबांचा आला, शेवाळाचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला.

“नाही मॅडम,” मी म्हणाले. “रोज उघडत होते. दोन वाजता.”

“तुला कसं माहीत?”

मला माहीत नव्हतं. पण बाबा माहीत होते. मी आत गेले, खुंटीवरच्या त्यांच्या कामाच्या सदऱ्याच्या खिशातून वही काढली. कालव्याचं पाणी पुढच्या पानांवर, आणि मागून उलटीकडून सुरू केलेली माझ्या नळ्यांची पानं. एकही दिवस चुकलेला नाही. ‘दोन वाजता. नळी एक ते पाच उघडल्या. रंग जांभळा. फुंकर घातली. दोन पाच. रंग लाल. बंद केल्या. तब्येत बरी.’ खाली पुन्हा तेच. ‘तब्येत बरी.’ एका दिवशी, ‘नळी तीनला जास्त वेळ लागला. अशक्त दिसते.’

मॅडमनी पहिली चार-पाच पानं वाचली, मग सगळीच वाचली. चष्मा काढून पदरानं पुसला. हसत होत्या की काय मला कळेना. “रिकामी नळी का नाही उघडली तुम्ही?” त्यांनी बाबांना विचारलं.

“त्यात कोन हाय गुदमराले?”

“आणि ही काळ्या फडक्यातली?”

“थे तं पिवळं होतं. हयदीसारखं. त्याले काय झालं?” अंधारात शेवाळ आपल्यासारखा नुसता श्वास घेतं, त्यामुळे खरी हवेची टंचाई त्या एकाच नळीत होती. मॅडमनी ते बाबांना सांगितलं नाही, आणि मीही पुढं कधी सांगितलं नाही.

“मग बाकीच्या गुदमरतात असं का वाटलं तुम्हाला?”

 “मॅडम, माहा मोठा भाऊ होता,” ते म्हणाले. “दर्यापूरकडचं आमचं गाव. मालकाचं ज्वारीचं पेव होतं. जमिनीखाली खोल खड्डा असते, त्यात ज्वारी भरून वरून बंद करतात. थे उघडलं का लगेच कोनी उतरत नाही. झाकन काढून ठेवतात, आतली खराब हवा जाऊ देतात, मंग कंदील सोडून पायतात. त्या दिवशी मालकाले घाई होती. भाऊ उतरला. वर काढला तवा त्याचे ओठ...” त्यांनी नळीकडे बोट केलं. “अस्से होते. याच रंगाचे.” मग ते म्हणाले, “एक वाजता नंदा लिहून जाये अन् झोपे. मी पाहो, तं थे जांभळं होऊन राहिलं. मंग माह्याच्यानं बसवे नाही.”

मोठे बाबा, म्हणजे बाबांचे हे थोरले भाऊ, बाबांच्या लहानपणीच गेले, एवढंच मला माहीत होतं. कसे गेले ते मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. मायलाही ते माहीत नसावं, कारण तिनं दातातला पदर सोडला आणि ती खाली बसली.

मॅडम स्टुलावरून उठल्या आणि परातीजवळ बाबांशेजारी चवड्यावर बसल्या. “दादा,” त्या म्हणाल्या, “हे जांभळं म्हणजे गुदमरणं नाही. आपण सोडतो ती हवा हे उजेडात खातं, आणि चांगली हवा स्वतः तयार करतं. आतली खायची सगळी हवा खाऊन झाली की पाणी जांभळं होतं. जांभळं म्हणजे त्याचं पोट भरलंय.”

“मंग मी फुंको थे?” बाबांनी विचारलं.

“ते त्याचं जेवणच. तुम्ही त्याला रोज दोन वाजता वाढत होता.”

कमलाकाकू मागून म्हणाल्या, “म्हनजे झोपत नव्हतं. जेवत होतं.” आणि त्यावर सगळी गल्ली एकदम मोठ्यानं बोलू लागली, महिन्याभरात पहिल्यांदा त्या वेळेला.

मॅडमनी मला नापास केलं, आणि तेच योग्य होतं. प्रयोग पुन्हा करायचा, पुढच्या मेमध्ये पुन्हा यायचं. अमरावतीची जागा दुसऱ्याला गेली. तशी जागा मला मिळायला पुढं सहा वर्षं लागली. दुसऱ्या वर्षीच्या नळ्यांत दुपारी थोडीफार मंदी दिसली, पुस्तकात असते तेवढीच, नाव द्यावं अशी काही नाही. बोंडे सरांनी मध्यान्हविराम हा शब्द पुन्हा कधी उच्चारला नाही. त्या संध्याकाळी मॅडम रस-पोळी जेवून अमरावतीच्या बसला गेल्या. माय नळावर गेली नाही, तिनं कमलाकाकूंकडून दोन घागरी मागून आणल्या. मी आत पालथी पडून रडले, आणि मग रडू संपलं तशी उठून मागे आले.

बाबा परातीजवळच बसलेले होते. ऊन अजून भिंतीवर होतं आणि पाचही नळ्या गडद जांभळ्या होत्या. कालव्यावर जायची वेळ टळून चालली होती, तरी ते उठले नव्हते. मी शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात बुचाजवळ होता, आणि नजर त्या रंगावरून हलत नव्हती.

“काही होत नाही न त्याले?” त्यांनी विचारलं.

“नाही बाबा.”

“पक्कं?”

“पक्कं.”

त्यांनी हात मागे घेतला, मांडीवर ठेवला, आणि आपल्या भावाच्या ओठांचा तो रंग ऊन जाईपर्यंत पाहत बसले.